बावन्न वजा सत्तावीस

सप्टेंबर उजाडला की पाथर्डी तालुक्यातल्या प्राथमिक शिक्षकांच्या बोलण्यात दोन विषय हमखास येतात: पहिल्या सत्राची संकलित चाचणी आणि ऊसतोडीच्या मुकादमाने वाटलेली आगाऊ उचल. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. कुणी कोपरगाव, राहाता, श्रीरामपूर, संगमनेरकडच्या कारखान्यांवर जातात, कुणी पश्चिम महाराष्ट्रात, कुणी थेट कर्नाटकात. शेवगाव आणि जामखेडलाही हीच गत. घरी आजी असली किंवा गावात हंगामी वसतिगृहाची सोय झाली, तर मूल मागे राहते. नाहीतर तेही आईबापांबरोबर ट्रॉलीत चढते आणि मार्च-एप्रिलमध्ये परत येते. म्हणून अहिल्यानगर जिल्ह्याच्या या पट्ट्यात टॅब, स्मार्ट टीव्ही किंवा गणित पेटीची चर्चा कुठूनही सुरू झाली, तरी ती या मुलांपाशी येऊन थांबते.

पुढचा संवाद अशाच एका केंद्रातल्या दोघांचा. एक निवृत्त केंद्रप्रमुख, दुसऱ्या द्विशिक्षकी शाळेतल्या बाई. दोघे प्रातिनिधिक आहेत. शिक्षण परिषद आटोपल्यावर चहाच्या वेळी शिक्षक मंडळींत जे बोलले जाते, ते इथे त्यांच्या तोंडी घातले आहे. यंत्राची बाजू घेतात ते वयाने मोठे असलेले सर, आणि तिला हरकत घेतात त्या हातात मोबाइल घेऊनच नोकरीला लागलेल्या बाई. असे उलटे चित्र जिल्हा परिषदेच्या शाळांत वाटते त्यापेक्षा बरेच आढळते.

विषय निघाला वर्गातल्या टीव्हीवरून.

“लोकवर्गणी जमवताना मी दारोदार फिरलो होतो, मॅडम. पुण्याला नोकरीत असलेल्या पोरांनी पैसे पाठवले. आणि तुम्ही तो आठवड्यातून दोनदाच लावता?”

“आधी रोज लावत होते, सर. मुलं शांत बसायची, कविता तर अख्खी पाठ व्हायची. पण टीव्ही बंद केल्यावर विचारलं की आत्ता काय बघितलं, तर रंग सांगायची, गाणं सांगायची. ज्यासाठी लावला होता ते सांगता यायचं नाही.”

“टीव्हीचं सोडा मग. तो दाखवतो, विचारत नाही. मी टॅबचं म्हणतोय.” सर खुर्ची पुढे ओढून बसले. “स्किनर तुम्ही डी.एड.ला वाचलाय. कबुतरं आणि उंदीर एवढंच लक्षात राहतं सगळ्यांच्या. तो 1953 साली मुलीच्या शाळेत जाऊन बसला. चौथीचा गणिताचा तास चालू होता. त्याला दोन गोष्टी खटकल्या. गणित सोडवलं तरी ते बरोबर आलं की चुकलं हे मुलांना लगेच कळत नव्हतं. आणि सगळ्या वर्गाला एकाच चालीनं चालावं लागत होतं, पुढचं मूल खोळंबलेलं, मागचं फरफटत. त्यानं मग शिकवण्याचं यंत्रच बांधलं. ह्या दोन्ही गोष्टी मी उभ्या नोकरीत प्रत्येक शाळेत पाहिल्या, मॅडम. वह्या तपासून परत मिळेपर्यंत पोराला आपण काय चुकलो होतो ते आठवतही नाही.”

सरांचे हे म्हणणे सहज बाजूला सारता येण्याजोगे नाही. आज शाळांतल्या टॅबवर सरावाची जी ॲप चालतात, त्यांतली बहुतेक स्किनरच्याच घराण्यातली आहेत: छोटा प्रश्न, लगेच उत्तर, हिरवी खूण, चांदणी, पुढचा प्रश्न. वर्तनवादी मांडणीत याला प्रबलन म्हणतात. पहिली ते चौथी दोन शिक्षकांत वाटून घेतलेल्या शाळेत एका इयत्तेला शिकवताना दुसरी इयत्ता फळ्यावरचे उतरवून घेत बसते. त्या वेळात मुलाच्या हातात काहीतरी विचारणारे आणि लगेच सांगणारे साधन असावे, ही गरज खरी आहे.

बाईंनी ती नाकारली नाही. त्यांनी एका वजाबाकीची गोष्ट सांगितली.

तिसरीतली एक मुलगी टॅबवर हातच्याच्या वजाबाक्या सोडवत होती. 52 वजा 27. तिचे उत्तर 35. लाल फुली आली. पुढचे 64 वजा 38, उत्तर 34. पुन्हा फुली. चौथ्या-पाचव्या गणिताला मुलीच्या ध्यानात आले की खाली चार पर्याय असतात, एक चुकला की दुसरा दाबता येतो आणि शेवटी चांदणी मिळतेच. तेव्हापासून तिचा वेग वाढला. अहवालात तिच्या नावापुढे सोडवलेल्या गणितांची संख्या वर्गात सगळ्यांत मोठी दिसत होती.

“तिला वजाबाकी आली नव्हती, सर. पर्याय कसे संपवायचे ते आलं होतं. आणि स्किनरच्याच हिशोबानं बघितलं तर यंत्रानं तिला नेमकं तेच शिकवलं. चांदणी कशाला मिळत होती? बोट फिरवण्याला.”

मग बाईंनी काड्यांचे गठ्ठे काढले. रबर लावलेले दहा-दहाचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या. “यातून मला सत्तावीस दे.” मुलीने दोन गठ्ठे दिले. सुट्या दोन्ही काड्या दिल्या. हात तिथेच थांबला. तिने बाईंकडे बघितले, गठ्ठ्याकडे बघितले आणि विचारले, “बाई, रबर काढू?”

रबर काढले. पाच काड्या मोजून दिल्या, पाच उरल्या. समोर दोन गठ्ठे आणि पाच काड्या, म्हणजे पंचवीस. पाटीवर तिनेच लिहिलेले पस्तीस. दोन्ही उत्तरे तिचीच, आणि दोन्ही एकदम खरी असू शकत नाहीत. मुलाच्या मनातली जुनी घडी अशी अडचणीत आली की नवी घडी बसायला सुरुवात होते, असे मुलांच्या विचारांचा अभ्यासक पियाजे सांगत होता. मुलगी बराच वेळ पाटीकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, “मी दोनातून सात नाही, सातातून दोन काढले.”

हे वाक्य कुठल्याही अहवालात आले नसते. तिची चूक निष्काळजीपणाची नव्हती. ‘मोठ्यातून लहान वजा करायचे’ हे आधीच्या इयत्तेत शिकवलेले ती इमानाने पाळत होती. यंत्राला उत्तर चुकले एवढेच कळले. नियम कुठून आला, हे काड्यांमुळे कळले.

सर थोडा वेळ गप्प होते. मग त्यांनी जो प्रश्न विचारला त्याला शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत क्वचितच जागा मिळते. “हे एका मुलीबरोबर किती वेळ चाललं? आणि तेवढ्या वेळात बाकीची पोरं काय करत होती?”

“गोंधळ,” बाई म्हणाल्या.

इथे थोडे मागे जायला हवे. 2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने ज्ञानरचनावाद, म्हणजे मूल आपले ज्ञान स्वतः रचते हा विचार, देशभरच्या कागदांवर आणला. महाराष्ट्रात तो वर्गाच्या फरशीवर उतरला. सातारा तालुक्यातल्या कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांनी मुलांना खाली बसवून, गटांत, साहित्य हाताळत शिकू दिले. ते बघायला राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या जाऊ लागल्या. 22 जून 2015 च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या शासन निर्णयाने त्या लाटेला जोर दिला. त्याच सुमारास दुसरी लाटही चढत होती. ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुक्यातल्या पाष्टेपाड्याच्या शाळेत संदीप गुंड यांनी टॅबवर वर्ग चालवून दाखवला होता आणि ‘डिजिटल शाळा’ हे गावागावांतल्या लोकवर्गणीचे कारण झाले होते. दोन लाटांचा उगम दोन परस्परविरोधी विचारांत होता, पण शिक्षकाच्या दारी त्या एकदमच आल्या. एकाच खोलीत फरशीवर संख्यारेषा रंगवली गेली आणि भिंतीवर प्रोजेक्टरचा पडदा लागला. यातले काय कशासाठी, हे विचारायची उसंत फार थोड्यांना मिळाली.

“फरशी रंगवली की शाळा रचनावादी, असा हिशोब झाला होता,” सर म्हणाले. “मी केंद्रप्रमुख म्हणून भेटी दिल्यात. सुंदर रंगवलेल्या चौकटीत पोरं मांडी घालून बसलीत आणि गुरुजी फळ्यावरचं उतरवून देताहेत. तुमच्या काड्यांनाही तोच धोका आहे, मॅडम. गठ्ठे वाटले म्हणजे समज आली असं नाही.”

“मान्य,” बाई म्हणाल्या. “काड्या देणाऱ्यानं ‘दे मला सत्तावीस’ असं विचारलं नाही, तर त्या काड्याच.”

या टप्प्यावर वाद पुराव्यांकडे वळला, आणि इथे दोघांनाही थोडे थोडे मागे सरावे लागले. सरांनी बडोद्याचा दाखला दिला. तिथल्या महापालिका शाळांत ‘प्रथम’ या संस्थेने चौथीच्या मुलांना आठवड्याला दोन तास संगणकावर गणिताचे खेळ दिले, एका संगणकावर दोन मुले. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दुसऱ्या वर्षी गणिताच्या गुणांत 0.47 प्रमाण विचलनाची वाढ दिसली. शिक्षणातल्या प्रयोगांत एवढी वाढ क्वचित दिसते.

“आणि कार्यक्रम संपल्यावर वर्षभरानं?” बाईंनी विचारले. तोवर त्यातला बराचसा फायदा ओसरून वाढ साधारण 0.10 वर आली होती, हेही त्याच अभ्यासात आहे.

गुजरातमधल्या ‘ज्ञानशाळा’ या संस्थेच्या वर्गांतला प्रयोग याहून बोलका आहे. ली लिंडन यांनी तिथे संगणकावरचा गणिताचा कार्यक्रम दोन तऱ्हांनी तपासला. एका ठिकाणी तो शाळेच्या वेळात, नेहमीच्या शिकवण्याच्या जागी वापरला. दुसऱ्या ठिकाणी शाळेखेरीजच्या वेळात, जादा सराव म्हणून. जादा सराव मिळालेली मुले 0.28 प्रमाण विचलनाने पुढे गेली. ज्यांचा शिकवण्याचा वेळ संगणकाने घेतला, ती 0.57 ने मागे पडली. एकच संस्था, एकच कार्यक्रम. फरक पडला तो त्याने कुणाची जागा घेतली यामुळे. कुठल्या शाळेला किती टॅब द्यायचे याची बैठक भरण्याआधी हे दोन आकडे टेबलावर असायला हवेत.

लॅपटॉप नुसता हातात देण्याची मोहीम आपल्याकडेही आली होती. 2007 साली ‘एका मुलामागे एक लॅपटॉप’ या मोहिमेचा भारतातला पथदर्शी प्रयोग कर्जत तालुक्यातल्या खैराट इथल्या एकखोली शाळेत सुरू झाला. हे कर्जत रायगडचे, अहिल्यानगरचे नव्हे. मोहिमेमागे सीमोर पॅपर्ट यांचा विचार होता. पॅपर्ट पियाजेबरोबर काम केलेले. मुलाने यंत्राकडून शिकू नये, यंत्राला शिकवावे, असे त्यांचे म्हणणे. त्यासाठीच 1967 साली मुलांसाठीची लोगो ही भाषा तयार झाली. म्हणजे स्किनरच्या नेमके विरुद्ध टोक. पण याच मोहिमेतल्या लॅपटॉपची पेरूमध्ये 319 शाळांत काटेकोर पाहणी झाली, तेव्हा गणितात आणि भाषेत काहीच फरक पडलेला दिसला नाही. उदात्त विचार यंत्रात बसवला तरी यंत्र मुलाच्या हाती पोचल्यावर त्याच्याशेजारी कोण बसते, हा प्रश्न उरतोच.

“शेजारी कोण बसतं, हे बरोबर,” सर म्हणाले. “पण मग दिल्लीचं बघा.” दिल्लीत शाळा सुटल्यावर चालणाऱ्या, माइंडस्पार्क या सॉफ्टवेअरच्या केंद्रांचा कार्तिक मुरलीधरन, अभिजीत सिंग आणि अलेहांद्रो गानिमियन यांचा अभ्यास 2019 साली प्रसिद्ध झाला. तिथल्या सहावीतल्या मुलांची गणितातली सरासरी समज सुरुवातीला अडीच इयत्ता मागे होती. पाठ्यपुस्तक सहावीचे आणि मुलगा चौथीच्याही अलीकडे. सॉफ्टवेअरने प्रत्येकाला त्याच्या पायरीवरून उचलले, आणि साडेचार महिन्यांत गणितात 0.37, हिंदीत 0.23 प्रमाण विचलनाची वाढ झाली. “एका वर्गात चार पायऱ्यांवरची पोरं असताना हे माणसाला जमत नाही. तुम्हालाही नाही, मलाही जमलं नव्हतं.”

“तिथं अर्धा वेळ संगणकावर आणि अर्धा वेळ माणसाबरोबर लहान गटात होता, सर.”

“होता. मी कुठं नाही म्हणतोय?”

यानंतर बाईंनी जामखेडचा विषय काढला. वर्गातल्या साधनांच्या वादात एका आरोग्य प्रकल्पाचे काय काम, असे वाटेल. पण या जिल्ह्यात शिकण्याविषयी काही मोठे घडून आले असेल, तर ते तिथे.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 साली जामखेडला सर्वांगीण ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावोगाव राहून काम करायला शिकलेल्या परिचारिका मिळेनात, तेव्हा त्यांनी गावातल्याच बाया निवडल्या. त्यांतल्या अनेकींना अक्षरओळख नव्हती. त्या काळच्या कुठल्याही प्रशिक्षण संस्थेने त्यांना दारात उभे केले नसते. या बाया दर आठवड्याला जामखेडला येत, रात्री तिथेच राहत, एक-दोन गोष्टी शिकत आणि गावात जाऊन करून बघत. पुढच्या आठवड्यात पहिला विषय असे तो गेल्या आठवड्याचा: काय केले, काय जमले, लोक काय म्हणाले, कुठे अडले. साधने म्हणाल तर चित्रे, गाणी, जुलाब झालेल्या बाळासाठी साखर-मिठाचे पाणी कालवायची कृती आणि एकमेकींचे अनुभव. जी आधी आली ती नंतर आलेलीला शिकवी. पुढे याच बायांनी बाहेरून आलेल्या डॉक्टरांना आणि कार्यकर्त्यांना धडे दिले. आरोळे दांपत्याला 1979 साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

“वायगॉट्स्की आपण परीक्षेपुरता पाठ करतो,” बाई म्हणाल्या. “मूल एकट्यानं जिथं पोचत नाही तिथं ते जाणत्याचा हात धरून पोचतं, आणि शिकायची खरी जागा तीच. जामखेडला तो रोज दिसत होता. त्या बायांची परीक्षा पर्याय निवडून झाली नाही. बाळ वाचतंय का, ही परीक्षा.”

“आणि उजळणी?” सरांनी लगेच पकडले. “दर आठवड्याला मागचं विचारणं, आठवायला लावणं. मी ज्याला सराव म्हणतो तो तिथंही आहेच की.”

आहेच. मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि कार्पिक यांनी 2006 साली दाखवून दिले, की मजकूर पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा तो न बघता आठवून मांडला तर आठवडाभराने जास्त टिकतो. जामखेडच्या खोलीत बसलेल्या बाया तेच करत होत्या. सरांचे प्रबलन आणि बाईंचा रचनावाद इथे एकाच जाजमावर बसलेले दिसतात. प्रशिक्षणवर्गात या सिद्धान्तांची पैलवानांसारखी जोडी लावली जाते, त्याने शिक्षकाचे नुकसानच होते. वजाबाकी समजण्यासाठी रबर सोडावे लागते. समजलेली वजाबाकी हातात बसण्यासाठी ती पुष्कळदा, दिवस सोडून सोडून करावी लागते. पहिल्या कामात टॅब कच्चा आहे, दुसऱ्यात तरबेज. काड्यांचे याच्या उलट. शिक्षकाला कळायला हवे ते एवढेच की हे मूल आज कुठल्या कामावर आहे, आणि ते कळण्यासाठी मुलाने उत्तराच्या आधी काय विचार केला ते ऐकावे लागते.

संवाद शेवटी टोळीबरोबर जाणाऱ्या मुलांवर आला. सरांना टॅब त्यांच्याबरोबर पाठवायचे होते. सोलापूर जिल्ह्यात परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडले, पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही ते आले, 2020 साली त्यांना ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. “पुस्तक तर पोराच्या पिशवीत असतंच. कोड त्या पुस्तकावर आहे. मग फडात शाळा का पोचू नये?”

“कोड पुस्तकावर आहे, फोन बापाच्या खिशात आहे,” बाई म्हणाल्या. कोरोनाकाळात ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ म्हणताना तेच दिसले होते. सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ लागायची, व्हॉट्सॲपवर स्वाध्याय यायचे. ज्या घरात टीव्ही आणि मोकळा फोन होता तिथली मुले ते करायची. कोप्यांवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपड्यांवर, पहाटे उठून कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, फडात जातो. मागे राहिलेले मोठे मूल धाकट्याला सांभाळते, पाणी आणते. फोन परत येतो तो रात्री, बॅटरी उतरलेला. “टॅब दिला तरी चार्जिंग कुठं करायचं, आणि हरवला तर भरून कोण देणार, हे त्या आईबापांनी आधी विचारलं होतं. ते टॅब नको म्हणत नव्हते, सर. त्यांना भीती वाटत होती.”

सरांकडे याला उत्तर नव्हते. पण त्यांनी हट्टही सोडला नाही. “मग पाच महिने काहीच नको?”

बाईंनी जे सुचवले ते टॅबचेच काम होते, पण ॲपचे नव्हते. जाण्याआधी प्रत्येक मुलाकडून टॅबवर एक आवाजमुद्रण करून घ्यायचे. गणित सोडवताना मूल तोंडाने बोलत जाईल: आधी काय केले, मग काय, हा आकडा कुठून आला. कारखान्याच्या गावात मूल तिथल्या शाळेत बसले, तर ते मुद्रण त्या शिक्षकांना व्हॉट्सॲपवर पाठवायचे. नव्या शाळेतल्या बाईंना त्यामुळे पहिल्याच दिवशी कळेल की ही मुलगी सातातून दोन काढते, की रबर सोडायला शिकली आहे. वसतिगृहात राहिलेल्या मुलांचेही तसेच मुद्रण दर महिन्याला करायचे, म्हणजे चूक कशी बदलत गेली ते ऐकता येईल.

“शिक्षण हमी पत्रकाबरोबर आवाज,” सर म्हणाले. मूल कुठल्या शाळेतून आले आणि काय शिकले याची नोंद असलेले ते पत्रक स्थलांतरित मुलांसाठीच असते, पण त्यात मुलाचा विचार ऐकू येत नाही. “कल्पना चांगली आहे. पण ऐकणार कोण? समोरच्या शाळेत आधीच पट वाढलेला, वर ही पोरं. त्यांना चाचणीचे आकडे पाठवले तर निदान एका नजरेत दिसतात.”

“आकडेही पाठवू. तुमच्या ॲपचेच पाठवू.”

“मुद्रण मोठं नको. मिनिटाच्या वर गेलं तर कुणी उघडणार नाही.”

“एकच गणित घेऊ मग. हातच्याचं.”

“आणि तिसरीच्या वरच्यांना भागाकार,” सर म्हणाले, आणि टोळीबरोबर कोण कोण जाणार त्यांची यादी बाईंकडून मागून घेतली.